पुंगळी

रेवणसिद्ध हत्तुरे बंदूक आणतो चादरीत गुंडाळून,
सायकलच्या दांडीला सुतळीनं बांधून,
होटगी रोडवरून थेट साखर पेठेतल्या आमच्या बोळात.
बँकेचा वॉचमन. बंदूक त्याची, लायसन त्याचं,
बँकेची फक्त खुर्ची.
आधी पाणी मागतो, मग सांगतो :
"बार होतोय ओ ताई. पुंगळी तेवढी निघंना.
परवा हत्तूरला डुकरं हाकलायला एकच काढला,
तर पंप मागं येईचना. दस्ता भुईवर आपटला
तवा कुठं सुटलं."

मी आधी बघते, आत काही नाही ना.
दोनदा बघते, मग करंगळी घालून चाचपते.
ही बापाची सवय.
बाप मिलमध्ये जॉबर, धोटा अडकला की
तोंडात पानाची पिंक धरून मागाला कान लावायचा.
त्यामुळे शिकवलं असं काहीच नाही त्यानं,
नुसता वाकलेला दिसायचा.

आकडा झिजलाय, पण काठ धरतो.
त्याच्यामागं काळी राख साचलेली, ती टोचणीनं काढली.
स्प्रिंग दमलीय. बदलू.
"काडतुसं बघू."
खिशातून पाच निघतात, पितळेवर हिरवी बुरशी,
लाल प्लास्टिक उन्हानं गुलाबी पडलेलं.
"कधीची?"
"सूतगिरणीच्या गेटवर होतो, तवाची."

मग नळीत दिवा सोडला.
चेंबरच्या तोंडापासून दोन बोटं आत
गंजाचं एक कडं, नखाला लागेल एवढं.
सोलापुरात गंज?
चव्वेचाळीस डिग्रीत, जिथं दोरीवरचा टॉवेल
पिळायच्या आत वाळतो?
"बंदूक कुठं टेकवता?"
तो खाली बघतो.
"कूलरला."

बार झाला की काडतूस फुगतं, क्षणभरच,
भिंतीला अंग लावून बसतं,
मग आकसतं नि सुटतं.
गुळगुळीत भिंत सोडून देते.
खरबरीत भिंत सोडत नाही,
आणि आपण आकड्याला दोष देत बसतो.

तारेचा ब्रश. तेल. मग बारीक पावडर,
चादरीच्या कारखान्यातली चिंधी दांडीला गुंडाळून;
चिंधीवर मोराचा अर्धा पिसारा होता,
तो तासाभरात तपकिरी झाला.

तो स्टुलावर बसून बोलत राहतो, मला नाही, दाराला.
गिरणी बंद झाली तो दिवस.
गेटवर माणसं, वरच्या खिडकीत मॅनेजर.
"पयला हवेत काढला. साहेब वरनं वरडला,
आता खाली धर. मी पंप वढला.
आलाच न्हाई ओ.
पुंगळी अडकली म्हणून वाचली माणसं."

बाप त्या गिरणीत नव्हता.
शेजारचे सायन्ना होते. अजून आहेत,
संध्याकाळी ओट्यावर बसतात, दम्यानं हलतात.

मी चिंधी फिरवत राहते.
बंदूक तेव्हा कोरी असणार. काडतुसंही.
गेटवर कूलर नव्हता.
हे मी त्याला म्हणत नाही.
चिंधी बदलते.

शेवटी खोटं काडतूस घातलं, पंप मागं :
खटक्, आणि ते उडून थेट माठाच्या झाकणावर.
"स्प्रिंगचे धरून साडेतीनशे.
जुनी पाच इथंच ठेवा, दुकानदाराला परत देते.
आणि कूलरपासून लांब."

तो बंदूक हातात घेतो.
पंप मागं. पुढं. परत मागं.
एक बोट लावलं तरी येतोय.
त्याचा चेहरा काही खुलत नाही.
"लईच सैल झालं की ओ."
"सैल नाही. असंच असतं."

तो चादर बराच वेळ गुंडाळत राहतो.
सुतळीला गाठ मारतो, सोडतो,
आणखी एक मारतो.